शोभाचं दुखणं थांबलं तेव्हा

१० फेब्रुवारी, मंगळवार. डाळ करायची म्हणून तुरीला तेलपाण्याचा हात लावून ती गच्चीवर पसरली आहे. ऊन कडक आहे, संध्याकाळपर्यंत वाळेल. पण वानरांची टोळी गावात शिरली आहे, आणि त्यांना तूर दिसली की संपलं. म्हणून काठी मांडीवर घेऊन राखण करत बसले आहे. नुसतं बसून राहायची मला सवय नाही, हाताला काहीतरी लागतं. तर हे लिहिते.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. देवापुढंसुद्धा नाही — त्याला माहीत असेलच, परत काय सांगायचं, असं म्हणून तेही टाळलं. तुम्ही मला ओळखत नाही, तेवढं एक बरं आहे.

आधी सोपं सांगते.

आमच्या भागात पायाळू माणसाला मान असतो. पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी ज्याचे पाय आधी बाहेर आले ते. अशा माणसाचा पाय लागला की कंबरेतली उसण, बरगडीतली चमक निघून जाते, असं सगळे मानतात. रविवारी नाहीतर मंगळवारी सकाळी अनशापोटी यायचं, उंबऱ्यात पालथं पडायचं, आणि पायाळू माणसानं डाव्या पायाची टाच दुखऱ्या जागेवरून तीनदा ओढायची. दोघांनीही तोंडातून शब्द काढायचा नाही. परभणी जिल्ह्यातल्या बोरीपासून जवळच आमचं गाव आहे, तिथं हे काम माझ्याकडं आहे. लग्न होऊन आले त्या वर्षापासून.

मी पायाळू नाही.

हे वाक्य लिहिताना हात थांबेल असं वाटलं होतं. थांबला नाही. म्हणजे अवघड ते हे नाहीच — ते पुढं आहे.

नवी नवरी होते तेव्हाची गोष्ट. माहेर पालमकडचं, घर कोरडवाहू, आणि मला इथल्यासारखी पातळ भाकरी जमायची नाही. सासूबाई रोज म्हणायच्या, पालमला भाकरी थापतात का लिंपतात? एक दिवस पाण्याची घागर उचलताना त्यांच्या कंबरेत उसण भरली आणि त्या वाकल्या त्या वाकल्याच. गावातला जुना पायाळू म्हातारा वारलेला. बायका जमल्या, कुणाला बोलवायचं यावर चर्चा सुरू झाली. मी दाराआड उभी होते. तिथून म्हणाले, मी पायाळू आहे.

का म्हणाले? त्या घरात कुणीतरी माझ्याकडं वळून बघावं म्हणून. दुसरं कारण आजपर्यंत सापडलेलं नाही.

मी टाच ओढली. उसण ती, दोन-तीन दिवसांत तशीही उतरतेच. उतरली. त्यानंतर माझ्या भाकरीला कुणी नाव ठेवलं नाही. आईला कळलं तेव्हा ती हसली, मग घाबरली. तू डोक्यानं आलीस, मला आठवतंय की, म्हणाली, पण आता बोलू नकोस, मार खाशील. आई गेली, आणि मग खरं माहीत असलेली मी एकटीच उरले.

आणखी एक फायदा होता. पायाळू माणसावर वीज पडते असं म्हणतात. आभाळ कडाडायला लागलं की सासूबाई मला शेतातून घरी पिटाळायच्या. माझ्या वाट्याचं खुरपं मग माझी धाकटी जाऊ, शोभा चालवायची. भिजून घरी यायची आणि मलाच विचारायची, अक्का, भीती तर नाही ना वाटली?

शोभाबद्दल सांगायचंय. आता सरळ सांगते — किंवा सरळ सांगायचा प्रयत्न करते.

तिच्या थोरल्याचं तेव्हा नुकतंच शाळेत नाव घातलं होतं. आता तो पुण्यात नोकरी करतो, यावरून काय तो अंदाज घ्या. कापसाच्या वेचणीचे दिवस होते. शोभा वेचायला माझ्यापेक्षा कायम पुढं, आणि तोंडही हाताइतकंच चालायचं. त्या वर्षी ती मागं पडायला लागली. उजव्या बरगडीत चमक भरली म्हणाली. श्वास घेतला की सुरी फिरवल्यासारखं व्हायचं, खोकला कोरडा. संध्याकाळी अंग कोमट लागायचं, पण दिवसभर उन्हात असलेल्या बाईचं अंग थंड कधी असतं? मंगळवारी तिला उंबऱ्यात झोपवलं आणि टाच ओढली. रविवारी परत. पुढच्या मंगळवारी परत. तिसऱ्या खेपेनंतर ती उठून बसली, खोल श्वास घेऊन बघितला आणि हसली. दुखणं थांबलं होतं.

मला काय वाटलं असेल? मी पायाळू नाही हे मला पक्कं माहीत, तरी त्या दिवशी वाटलं — कोण जाणे, असेलही माझ्या पायात काही. दुसऱ्यांना फसवता फसवता माणूस स्वतःच फसतो, ते असं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं होतं की शोभाची चमक अक्कानं काढली.

मग काही दिवसांनी चुलीपाशी ती माझ्याजवळ आली. आमच्या घरी रीत अशी होती की धाकट्या सुनेचं दुखणंखुपणं थोरलीनं ऐकायचं आणि थोरलीनं पुरुषांच्या कानावर घालायचं. सासूबाई तेव्हा थकल्या होत्या, घर माझ्या हातात होतं. शोभा हळू आवाजात म्हणाली, "अक्का, आता दुखायलं न्हाई. पन दम लागायलाय. डाव्या कुशीवर झोपताच येईना. ह्यांना सांगून एकदा दवाखान्यात दाखवता का?"

मी ऐकलं. नीट ऐकलं. तिची मान घामेजली होती, चोळी सैल झाली होती, तेही दिसलं.

आणि म्हणाले, अशक्तपणा आहे, वेचणी उरकू दे, मग बघू.

वेचणी हे कारण नव्हतं. कारण असं होतं की दवाखान्यात काही निघालं, तर माझ्या पायानं काहीच झालं नव्हतं हे उघड होणार. घरातल्या बाकीच्यांनी तिला थांबवलं असतं तर मी समजू शकले असते, त्यांचा माझ्या पायावर विश्वास होता. माझा नव्हता. त्या घरात एकटीला माहीत होतं की त्या टाचेत काही नाही — आणि त्याच एकटीनं तिला थांबवलं.

तिनं परत एकदा विचारलं. मी परत तेच सांगितलं. तिसऱ्यांदा ती विचारायला आली नाही.

मग एका दुपारी ती कापसाचं ओझं डोक्यावर घ्यायला वाकली आणि तिथंच बसली. ओठ काळसर, एका वाक्याला तीन श्वास. भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, आणि मी तिला घेऊन बोरीला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी तिच्या पाठीवर एक बोट टेकवलं आणि त्यावर दुसऱ्या बोटानं ठोकत ठोकत खाली आले. डावीकडं आवाज पोकळ येत होता. उजवीकडं थोडं खाली गेल्यावर एकदम भद्द. रिकामा डबा आणि भरलेला डबा वाजवून बघतो ना आपण, तसं. मलाही ऐकू आलं. मग नळी लावून ऐकलं. उजवीकडं खालच्या बाजूला श्वासाचा आवाजच नव्हता. छातीत पाणी झालंय, म्हणाले, आत्ताच्या आत्ता परभणीला न्या.

परभणीच्या दवाखान्यात एक्स-रे काढला. डावं फुप्फुस काळं, म्हणजे हवेनं भरलेलं. उजवीकडं निम्म्याच्या वरपर्यंत पांढरं. डॉक्टर मध्यम वयाचे, बोलायला तुटक. त्यांनी विचारलं, "दम कधीपासून लागतोय? इतकं होईपर्यंत आणलं का नाही?"

भाऊजी माझ्याकडं बघायला लागले. शोभाही बघायला लागली. ती कॉटवर पुढं वाकून बसली होती, बोलायची तिच्यात ताकद नव्हती.

आता ते वाक्य लिहायचं. वानरं आली असती तर बरं झालं असतं — उठावं लागलं असतं. आली नाहीत.

मी म्हणाले, "ती कुणाला बोललीच न्हाई, डॉक्टरसाहेब. दुखणं अंगावर काढायची सवयच हाय तिला."

हे आहे ते. पायाळूपणाचं खोटं एक वेळ बाजूला ठेवा. जिनं दोनदा तोंड उघडून मदत मागितली, तीच गप्प राहिली, असा आळ मी तिच्यावर घातला. तिच्या देखत, तिला दम नसताना. भाऊजी तिच्यावर तिथंच खेकसले, तोंड नव्हतं का तुला? तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. मोजल्यासारखं बघितलं, आणि मान खाली घातली.

पुढचं सगळं नीट झालं, तेही सांगायला हवं. कुणाच्या घरी असा रुग्ण असेल तर त्यानं घाबरू नये.

आधी सोनोग्राफीत बघून पाण्याची जागा पेनानं खूण करून ठेवली. तिला कॉटवर बसवलं, पुढं टेबलावर उशी, उशीवर हात आणि हातांवर डोकं. पाठीवर भुलीचं इंजेक्शन दिलं, आणि दोन बरगड्यांच्या मधून सुई घातली. खोकू नको, हलू नको, एवढंच तिला सांगितलं. मी समोर उभी राहून तिचे हात धरले. मला वाटलं होतं रक्त-पू असलं काही येईल. आलं ते पातळ, पिवळसर, हलक्या चहासारखं. नळीतून बाटलीत उतरत राहिलं. तिला खोकल्याची ढास लागली तसं डॉक्टरांनी थांबवलं. सगळं एकदम ओढायचं नसतं, म्हणाले, दबलेलं फुप्फुस एकदम फुगलं तर त्याचा वेगळा त्रास होतो. पण तेवढ्यानंही तिचा चेहरा बदलला. किती दिवसांनी तिनं पाठ टेकली. थोड्या वेळानं म्हणाली, भूक लागली.

पाणी काढलं म्हणजे रोग गेला असं नाही, ते डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं. पाणी का झालं ते शोधायचं. हृदयामुळं होतं, किडनीमुळं होतं, न्यूमोनियानं होतं, गाठीमुळंही होतं. भाऊजी ते पाणी तपासायला द्यायला गेले, तेव्हा डॉक्टर एक्स-रे बघत होते आणि मी एकटीच तिथं होते. त्यांनी सहज विचारलं, आधी श्वास घेताना दुखत असेल ना? मी म्हणाले, दुखत होतं, मग थांबलं.

थांबणारच, ते म्हणाले. फुप्फुसाला बाहेरून दोन पातळ पदर असतात. सूज आली की ते एकमेकांवर घासतात, म्हणून दुखतं. मधे पाणी भरलं की पदर लांब जातात, घासायचं थांबतं, दुखायचं थांबतं. लोकांना वाटतं, बरं झालं. खरं तर तेव्हाच वाढलेलं असतं.

मी मान हलवली. बाहेर आले आणि नळाखाली पाय धुतले. का धुतले? धुळीनं भरले होते म्हणून, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. हे दोन पदरांचं मी घरी कुणाला सांगितलं नाही.

तपासणीत टीबी निघाला. फुप्फुसाच्या त्या पदराचा. थुंकी तपासली, त्यात काही नव्हतं, त्यामुळं घरच्यांना लागण्याची फारशी भीती नाही म्हणाले, तरी सगळ्यांची तपासणी करून घेतली. सहा महिने गोळ्या. सरकारी दवाखान्यातून मिळायच्या, मी रोज सकाळी समोर उभी राहून घ्यायला लावायचे. पहिल्याच दिवशी लघवी लाल-केशरी झाली म्हणून ती रडायला लागली, मी दवाखान्यात फोन करून विचारलं, तर तो गोळ्यांचा रंग निघाला. मधे परत एकदा थोडं पाणी काढावं लागलं. मग नाही.

फुप्फुस परत उघडावं म्हणून तीन चेंडूंचं प्लॅस्टिकचं यंत्र दिलं होतं. नळीतून श्वास आत ओढायचा आणि चेंडू वर उचलून धरायचे. पहिल्या आठवड्यात तिचा एक चेंडू हलायचा, तोही लाजत. घरात मग त्याची चढाओढ लागली. पोरं, भाऊजी, सासूबाईसुद्धा. सासूबाईंना एकही उचलेना, तर त्या म्हणाल्या यंत्र भोकाचं आहे. उन्हाळ्यात एका सकाळी शोभानं तिन्ही वर नेले आणि तसेच धरून ठेवले, आणि डोळ्यांनीच आम्हाला खुणावलं — बघा. आज ती माझ्यापुढं अख्खी ओळ वेचते. तोंडही परत चालू झालं आहे.

मी तिची सगळी सेवा केली. अंडी, डाळ, शेंगदाणे, गोळ्या, दवाखान्याच्या खेपा. त्यातून काही फिटलं असं म्हणायला हे लिहीत नाही. ज्या घरात तिला दुखणं लपवणारी म्हणतात, त्याच घरात मी तिच्यासाठी दूध तापवत होते, एवढंच. नवीन सुनासुद्धा तिला चिडवतात, धाकट्या आई काही झालं तरी सांगायच्या नाहीत. ती हसते. मीही तिथंच असते.

आणि पाय? त्यानंतर मी पाय लावणं सोडलं. पण कसं सोडलं ते ऐका. खरं सांगून नाही — गुडघ्याचं निमित्त करून. आज गुडघा दुखतो, पाय उचलत नाही, डॉक्टरकडं जा — येईल त्याला दर वेळी हेच. मला वाटायचं, भागलं. लोक दवाखान्यात जात असतील.

आज सकाळी कळलं की तसं नाही.

गावाच्या कडेला मेंढरं राखणारं एक घर आहे. तिथली सुंदराबाई तिच्या सुनेला घेऊन आली. पोरगी कोवळी, डाव्या बरगडीला हात धरून, श्वास अर्ध्यावर सोडणारी. रात्री अंगात कणकण असते म्हणाली. मी गुडघ्याचं सांगितलं आणि बोरीच्या दवाखान्यात जायला सांगितलं. सुंदराबाईनं मान डोलावली आणि म्हणाली, "असू द्या अक्का, घाई न्हाई. तुमचा गुडघा उतरू द्या, आयतवारी येतो. शोभाताईनं लपवलं म्हून तिचं वाढलं. आमी लपवायलाव का? आमी तर तुमच्याकडंच आलाव."

त्या दोघी गेल्या. मी दारात तशीच उभी राहिले. माझं निमित्त त्यांना दवाखान्यात पाठवत नव्हतं, ते त्यांना माझ्या गुडघ्याची वाट बघायला लावत होतं. आणि शोभावर घातलेला आळ गावानं शहाणपण म्हणून जपून ठेवला होता — दुखलं तर लपवू नका, अक्काकडं जा. रविवारपर्यंत त्या पोरीचं दुखणं कदाचित थांबेलही. मग काय? मग सुंदराबाई म्हणेल, नुसत्या दारात उभं राहून गुण आला.

मी तूर गच्चीवर आणली आणि हे लिहायला बसले. ऊन उतरलंय. गोळा करून खाली नेते.

११ फेब्रुवारी. सकाळी शोभा गोठ्यात धार काढत होती. मी तिच्या बाजूला उभी राहून सगळं सांगितलं. आधी डॉक्टरसमोरचं, मग पायाचं. तिनं धार थांबवली नाही. "डॉक्टरपुढचं मला काय सांगता," म्हणाली, "मी तिथंच होते की." पायाचं मात्र तिला ठाऊक नव्हतं. मग तिनं विचारलं, "मंग इजा चमकल्यावर तुमी घरी जायच्या, त्ये?" मी म्हणाले, तेही खोटं. ती उठली, दुधाची चरवी माझ्या हातात दिली, आणि एवढंच म्हणाली की ह्यांच्या कानावर तुम्हीच घाला, मी घालणार नाही.

मी घातलं. चहाच्या वेळी, पुरुष, सुना, सगळे असताना. शोभानं मला दोनदा सांगितलं होतं, मी दाबून ठेवलं. मी पायाळू नाही. भाऊजींनी कप खाली ठेवला, शोभाकडं बघितलं आणि ते बाहेर गेले. माझा नवरा जमिनीकडं बघत राहिला. धाकटी सून काहीतरी विचारायला लागली, तिला शोभानंच गप्प केलं.

मग मी सुंदराबाईच्या घरी गेले. ती मेंढरं सोडायच्या तयारीत होती. तिला, तिच्या नवऱ्याला आणि त्या पोरीला, तिघांनाही सांगितलं की मी डोक्यानं जन्मले, माझ्या पायात काही नाही आणि कधी नव्हतं. शोभाचं दुखणं थांबलं ते पाणी भरलं म्हणून. सुंदराबाईनं मला पायापासून वरपर्यंत बघितलं.

"म्हंजी इतकी वर्सं तुमी आमाला नुस्त्या लाथाच घातल्या म्हना की."

मी म्हणाले, हो. आणि तिच्या सुनेला चप्पल घालायला सांगितली. सुंदराबाईनं मेंढरं नवऱ्यावर सोपवली, आणि आम्ही तिघी बोरीच्या रस्त्याला लागलो.